डाव्या पायाचा फर्मा

कसोटी क्रिकेट खेळलेल्या माणसाची कारकीर्द आकड्यांत सांगण्याची रीत आहे. लाइल ट्रेनविथने किती कसोट्या खेळल्या आणि किती बळी घेतले, हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मून्टा गावात न्हाव्याच्या दुकानापासून प्रार्थनेच्या चॅपलपर्यंत कोठेही विचारा. उत्तर मिळेल, आणि ते अचूक असेल. आकड्यांत खोट नसते. मात्र ते एकाच नावाखाली लिहिले जातात, आणि त्या नावाच्या आसपास उभी असलेली माणसे त्यांत मावत नाहीत. व्हर्ना रॉडा ही त्यांपैकी एक. ती बूट शिवत असे.

तिचे वडील जोसाया पेंगिली यांचाही हाच व्यवसाय होता. तांब्याच्या खाणी चालू होत्या तोवर खाणीतून वर आलेला माणूस घरी जाण्यापूर्वी बूट त्यांच्या दुकानात टाकून जाई. जोसाया तो बूट उलटा करून उजेडात धरत आणि शेजारी बसलेल्या मुलीला विचारत, "काय दिसतं?" व्हर्ना सांगे, की आतली टाच झिजली आहे. "म्हणजे?" म्हणजे हा माणूस उजवा गुडघा वाचवून चालतो. जोसायांचे म्हणणे असे, की खाणीत काम करणारा माणूस कुरकुर करत नाही, ती त्याच्या धर्मात बसत नाही. तेव्हा त्याच्या बुटाकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते. त्यांचा दुसरा नियम मापाचा होता. उभ्याने राबणाऱ्या माणसाचे पाऊल जागच्या जागी राहत नाही, ते वर्षावर्षाला पसरते. म्हणून माप दरवर्षी नव्याने घ्यायचे आणि त्याप्रमाणे लाकडी फर्म्यावर, म्हणजे ज्यावर बूट शिवतात त्या पावलाच्या साच्यावर, कातड्याचे तुकडे ठोकून तो वाढवायचा, किंवा सरळ नवा कोरायचा.

१९२३ साली खाणी बंद झाल्या आणि निम्मे गाव उठून गेले. पेंगिली कुटुंब राहिले, कारण जव पिकवणारे शेतकरी आणि वॉलरू बंदराच्या धक्क्यावर पोती उचलणारे लोकही बूट घालतात. व्हर्ना पंधराव्या वर्षी वडिलांच्या बाकावर बसली. पुढे तिने धक्क्यावरच्याच पर्स रॉडाशी लग्न केले, आणि तो अठ्ठावन्न साली गेल्यावरही ती बाकावरून उठली नाही. मूल नव्हते. रापी, आरी आणि भिंतीवर ओळीने टांगलेले गावाचे लाकडी पाय, एवढा तिचा संसार होता.

लाइल तिच्या दुकानात प्रथम आला तो १९६६ च्या सप्टेंबरमध्ये. वय एकोणीस, गावाबाहेरच्या जवाच्या शेतावर वाढलेला, खांद्याने रुंद आणि बोलण्यात अतिशय काटकसरी. त्याला आणणारा क्लॅरी बाइस निवृत्त रेल्वेचालक होता आणि आमच्या क्रिकेट क्लबचा अध्यक्ष.

"अगं व्हर्ना, हा एका मोसमात दोन जोड खातो," क्लॅरी म्हणाला. "याला बूट दे, नाहीतर सरळ नाल ठोक."

"घोडा असता तर सोपं होतं. घोडा वजन चार पायांवर वाटून घेतो. उभा राहा रे इथे."

तपकिरी कागदावर उभे करून तिने त्याच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवली. वेगवान गोलंदाज चेंडू सोडतो तेव्हा त्याच्या पुढच्या पायावर सगळे शरीर येऊन आदळते. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा तो पाय डावा. व्हर्नाला क्रिकेटमधले फारसे कळत नव्हते, पण आदळणे तिला खाणीच्या दिवसांपासून कळत होते. तिने बीच नावाच्या टणक लाकडाचे दोन फर्मे कोरले, आणि त्यांवर शिवलेला जोड एक संपूर्ण मोसम टिकला. पुढच्या वर्षी लाइल राज्याच्या संघात गेला. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी खेळला आणि पहिल्याच डावात त्याने पाच बळी घेतले.

फर्मा काचेत टांगण्याची कल्पना क्लॅरीची. "इंग्लंडात राजाराण्यांचे मुकुट काचेत ठेवतात," तो म्हणाला. "आपल्याकडे मुकुट नाही, पाय आहे." त्याने पितळेची पट्टी करून आणली, तीवर लाइलचे नाव आणि त्या सामन्याची तारीख कोरून घेतली, आणि डाव्या पायाचा फर्मा दुकानाच्या दर्शनी काचेमागे आकडीला लावला. लोक येऊन पाहू लागले. काडीनाहून, वॉलरूहून, सुटीत तर ॲडलेडहूनही. काही जण आत येऊन हात लावू का विचारत. व्हर्ना नको म्हणत नसे.

वर्षातून दोनदा ती फर्मा आकडीवरून काढी, त्यावर नव्या जोडाचा डावा बूट शिवी आणि फर्मा पुन्हा जागेवर लावी. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ती दरवर्षी कागदावर उभे करत होती. लाइलला तिने आठ वर्षांत एकदाही उभे केले नाही. तो येई तो दोन दौऱ्यांच्या मधल्या चार तासांसाठी, दारात माणसे जमलेली असत, वेळ नसे. ही कारणे खरी होती. पण ती पुरेशी नव्हती, हे तिने पुढे स्वतःच मला सांगितले. ज्या पावलाच्या दर्शनाला लोक येतात त्याला रापी लावावी, हा विचारच तिच्या मनात आला नाही. वडिलांचा नियम गावातल्या प्रत्येक पायाला लागू होता, आणि जो पाय सर्वांत जास्त आदळत होता तेवढाच त्यातून सुटला होता.

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये लाइल आठवडाभरासाठी शेतावर आला. येत्या उन्हाळ्यात, म्हणजे वर्षअखेरीस, इंग्लंडशी कसोटी मालिका होती. सोमवारी सकाळी तो जुना जोड काखेत घेऊन दुकानात शिरला.

"नवा जोड हवाय, मिसेस रॉडा. तीन आठवड्यांत. आणि डाव्याची टाच बाहेरच्या अंगानं थोडी उचलून द्या. अर्धं बोट."

"कशाला?"

"तशी पडते बरी."

"आठ वर्षं नाही आठवलं ते?"

तो हसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. व्हर्नाने डावा बूट उलटा केला. इतक्या वेगाने आदळणाऱ्या पायाचा तळ अंगठ्याच्या मुळाशी झिजायला हवा. तो भाग जवळजवळ कोरा होता. बाहेरची कड मात्र शिवणीपर्यंत संपली होती, आणि करंगळीपाशी कातड्याला आतून फुगवटा आला होता. अंगठ्यावर भोक पाडलेले होते; त्याचे तिला काही वाटले नाही, बोटे पुढे आपटतात म्हणून बहुतेक वेगवान गोलंदाज तसे भोक पाडतात. तिने उजवा बूट पाहिला. त्याच्या टोकाची घसट दोन वर्षांपूर्वी होती तेथे नव्हती; शरीर आता वेगळे वळत होते.

"कुठे दुखतंय?"

"पायाला काही नाही."

"मी पायाचं विचारलं नाही."

एवढ्यात क्लॅरी कागदात गुंडाळलेल्या गरम पेस्ट्या, म्हणजे मटण-सलगमाच्या मोठ्या करंज्या, घेऊन आला. "राजा, बेकरीवाल्या बाईनं तुझ्यासाठी सलगम जास्त घातलाय. खा. नाहीतर इंग्लंडवाले म्हणतील, यांच्याकडे मटणच काय, सलगमही संपला. आणि ती नाडी बांध आधी. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज नाडीत अडकून पडला, हे मला पेपरात वाचायचं नाही."

लाइलने खाली वाकायच्या ऐवजी पाय उचलून बाकावर ठेवला आणि नाडी बांधली. पाठ ताठ ठेवून, फक्त हात पुढे नेऊन. क्लॅरीच्या ते लक्षात आले नाही.

"क्लॅरी," व्हर्ना म्हणाली, "तुझी गाडी बँकेपुढे आहे का?"

"आहे. तीस वर्षं तिथेच असते."

"मग आज बदल म्हणून हलव."

क्लॅरीने दोघांकडे पाहिले, आपली पेस्टी उचलली आणि तो गेला. व्हर्नाने जमिनीवर तपकिरी कागद पसरला.

"मोजे काढ आणि उभा राहा."

"माझं माप आहे की तुमच्याकडे. काचेत टांगलंय."

"तिथे एकोणीस वर्षांच्या पोराचं आहे. तू उभा राहा."

मोजे काढायला त्याला बराच वेळ लागला. पेन्सिल फिरवून झाल्यावर तिने कपाटातून १९६६ चा कागद काढला आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. करंगळीच्या बाजूला नवी रेघ जुनीच्या अर्धे बोट बाहेर होती. लांबीही वाढली होती, आणि पावलाची कमान बसली होती. तिने कागद खाली ठेवले.

"चूक माझी आहे, लाइल. तुझं पाऊल बुटात मावेना, म्हणून तू ते कडेवर टाकायला लागलास. कडेवर पडणारा माणूस सरळ राहत नाही, कंबरेतून वळतो. ते वळण आता पाठीत गेलंय. खरं ना?"

तो म्हणाला, "मोसम संपला की दाखवतो कुणाला तरी. आत्ता टाच द्या."

"दिली तर काय होईल?"

"निवड समितीचा डॉक्टर सहा चेंडू टाकायला लावतो. टाच असली की मी सरळ दिसतो. घरी करून बघितलंय, पुठ्ठा घालून."

"आणि सातवा चेंडू?"

"मिसेस रॉडा, मी सत्तावीस वर्षांचा आहे. ही जागा एकदा सोडली की परत मिळत नाही. दोघं जण माझ्या मागे उभे आहेत, आणि दोघंही चांगले आहेत. तुम्हाला ते जग माहीत नाही."

"नाही माहीत. मला बूट माहीत आहेत."

"तुम्ही नाही दिली तर शहरात कुणीही देईल."

"देईल. पाय तुझा आहे, तू ठरव. नवं माप घेतलंय, त्याचा नीट बूट मागशील तर रात्रंदिवस बसेन. ती टाच मात्र माझ्या हातून लागणार नाही."

त्याने जुना जोड उचलला. दार त्याने आपटले नाही. तो तसा नव्हता. क्लॅरीची दुसरी पेस्टी बाकावर तशीच निवत राहिली.

त्याच संध्याकाळी व्हर्नाने कातड्याची एक पाचर कापली. एका अंगाने अर्धे बोट जाड, दुसऱ्या अंगाने कागदासारखी पातळ. लाइलने मागितली होती नेमकी तशी. हेही तिनेच मला सांगितले, आणि सांगताना स्वतःला सवलत दिली नाही. पाचर शिवणे हे पाच मिनिटांचे काम होते. गावाला हवा असलेला गोलंदाज मैदानावर गेला असता, गोलंदाजाला हवी असलेली जागा मिळाली असती. पाचर हातात धरून बसली असता तिच्या ध्यानात आले, की या तुकड्याखाली त्याच्या दुखण्याबरोबर तिची आठ वर्षांची चूकही झाकली जाणार आहे. ज्या उपायात दुसऱ्याची सोय आणि आपली सुटका एकदमच साधते, तो उपाय दोनदा तपासून पाहावा, एवढी शिस्त तिच्या अंगी होती. तिने पाचर चुलीत टाकली.

मंगळवारपासून गावात बोलणे सुरू झाले. व्हर्नाने लाइलला परत पाठवले, एवढेच लोकांना कळले होते. कोणी म्हणाले, म्हातारीचे हात थकले आणि ते कबूल करवत नाही. बेकरीवाली म्हणाली, "आठ वर्षं त्याच्या नावावर दुकान चालवलं, आता त्यालाच दार." व्हर्ना पावाचे पैसे ठेवून निघून आली. ती खुलासा करू शकली असती. पण खुलासा म्हणजे लाइलची पाठ गावाच्या तोंडी देणे, आणि गावातून ती निवड समितीपर्यंत जाणे. ते सांगण्याचा अधिकार त्याचा होता. आपली चूक सांगण्याचा अधिकार मात्र तिचा होता, आणि तो तिने गुरुवारी सकाळी वापरला.

क्लॅरी आत आला तेव्हा काचेमागची आकडी रिकामी होती. फर्मा व्हर्नाच्या मांडीवर होता आणि ती त्याच्या बाहेरच्या अंगावर कातड्याचा तुकडा ठोकत होती. पितळी पट्टी उचकटून बाजूला ठेवलेली होती.

"व्हर्ना, तू त्याच्यावर खिळे मारतेस?"

"मारते."

"त्या पायानं पाच बळी घेतलेत गं."

"या पायानं काही घेतलं नाही, क्लॅरी. हे लाकूड आहे. ज्यानं घेतले तो पाय वाढला, आणि मी बघितलं नाही. आठ वर्षं चुकीचा बूट शिवला मी. जा, सांग बाहेर. बेकरीत आधी सांग, तिथून लवकर पोचेल."

क्लॅरी खुर्चीवर बसला. "टांगला तर मीच होता," तो म्हणाला.

"हो. पण वेळेवर वाढवायचं काम माझं होतं. तो खिळ्यांचा डबा दे इकडे."

त्याच दिवशी दुपारी लाइल ॲडलेडला जायला निघाला. शहरातल्या बूटवाल्याची वेळ घेतलेली होती. जुना जोड गाडीच्या मागच्या बाकावर होता. मुख्य रस्त्यावरून जाताना त्याला रिकामी आकडी दिसली, आणि तिच्याखालच्या लाकडात पट्टीच्या खिळ्यांची चार भोके. गाडी त्याने रस्त्याच्या मधोमध थांबवली. पुढे पुष्कळ वर्षांनी एका पत्रकाराने त्याला विचारले, की कारकिर्दीतला निर्णायक क्षण कोणता. त्याने एका झेलाचे नाव सांगितले. खरा क्षण हा होता असे मी म्हणेन; पण तो त्यालाही तसा वाटत असेलच असे नाही, आणि त्याच्या वतीने दावा करण्याचा मला हक्क नाही. घडले एवढेच, की तो आत आला.

फर्म्यावर तीन तुकडे बसले होते. तो ओळखू येत नव्हता. लाकडाला गळू झाल्यासारखा दिसत होता.

"सगळे बघतील की हे," लाइल म्हणाला.

"बघू दे."

तो बाकावर बसला. आपले दोन्ही हात त्याने गुडघ्यांवर ठेवले. "चार वर्षं चावतोय तो बूट, मिसेस रॉडा."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही दर वेळी इतका पुसून द्यायचात. आणि बाहेर माणसं उभी असायची काचेला नाक लावून." त्याने मोज्याकडे बोट दाखवले. "सकाळी मोजा चढत नाही. बायको चढवते. आई आली की दार लावून घेतो."

क्लॅरी अजून कोपऱ्यात होता. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि तो म्हणाला, "राजा, शहरात जायचंच आहे तर बूटवाल्याकडे नको. पाठीच्या डॉक्टरकडे चल. गाडी मी चालवतो. तुझ्या बसण्याची पद्धत मला आवडत नाही."

पाठीच्या हाडाला चीर होती. डॉक्टरने बुटाला दोषी ठरवले नाही आणि निर्दोषही ठरवले नाही. इतका वेग, इतकी वर्षे, आणि कडेवर पडणारा पाय, यांपैकी कोणाचा वाटा किती हे सांगता येत नाही, असे तो म्हणाला. व्हर्नाने आपला वाटा तेवढ्याने कमी धरला नाही. लाइलने स्वतः निवड समितीला पत्र लिहिले आणि तो संपूर्ण उन्हाळा सोडला. तीन महिने त्याचे धड प्लास्टरमध्ये होते.

त्याच्या जागी जो गोलंदाज आला त्याने त्या मालिकेत सव्वीस बळी घेतले. आमच्या गावाने त्यांतला एकेक मोजला, आणि एकेक व्हर्नाच्या खाती लिहिला. काही शेतकरी काडीनाला बूट शिवू लागले. चॅपलमध्ये तिच्या शेजारची जागा लवकर भरत नसे. ती नेहमीच्याच बाकावर बसे.

प्लास्टर निघाल्यावर लाइल दर पंधरवड्याला दुकानात येऊ लागला. आधी चालायचे बूट, मग हळू पळायचे, मग क्लबच्या काँक्रीटच्या पट्टीवर अर्ध्या वेगाने टाकायचे. शिवण्यापेक्षा अवघड काम वेगळेच होते. व्हर्ना विचारी, "कसा आहे?" तो म्हणे, "ठीक आहे."

"ठीक म्हणजे काय? चॅपलपर्यंत जाऊन ये."

तो जाऊन येई. "बरा आहे."

"परत जा. कुठे लागतं ते कळेपर्यंत येऊ नको."

एका शनिवारी तिने त्याला पाच वेळा पाठवले. पाचव्यांदा परत आल्यावर तो दारातूनच म्हणाला, "टाचेच्या वर, आतल्या बाजूला, शिवणीचा शेवटचा टाका." क्लॅरीने टाळ्या वाजवल्या. व्हर्नाने तो टाका कापला. ज्या घरांत तक्रार हा दुबळेपणा समजला जात आला, त्या घरांतल्या माणसाला तक्रार करायला शिकवणे हे शिक्षणच आहे, आणि ते आरी-रापीच्या दुकानात झाले याचे मला नवल वाटत नाही.

टाकण्याची पद्धतही बदलली. चेंडू टाकण्याआधीची धाव चार पावलांनी कमी झाली, शरीर अधिक सरळ राहू लागले. वेग थोडा उतरला. त्याच्या बदल्यात चेंडू नेमका हवा तेथे पडू लागला. ऑक्टोबर पंचाहत्तरमध्ये तो राज्याच्या संघात परतला, जानेवारीत कसोटी संघात. ज्या आकड्यांनी आज त्याची गणना मोठ्या गोलंदाजांत होते, त्यांतले निम्म्याहून अधिक त्या रिकाम्या उन्हाळ्यानंतरचे आहेत. गावाने व्हर्नाला माफ केले, शेतकरी परतले, चॅपलमधली जागा भरू लागली. माफीचा हा क्रम मला आजही पटत नाही. लाइल परत आला नसता, त्याची पाठ कायमची गेलेली असती, तरी व्हर्नाने टाच न लावण्यात आणि खिळे मारण्यात जे केले ते तितकेच योग्य ठरले असते. यश हा योग्यतेचा पुरावा नव्हे. परंतु यश मिळाले, आणि त्याचा आनंदही नाकारू नये. व्हर्नाने तो नाकारला नाही.

ॲडलेडच्या कसोटीला क्लॅरीने तिला गाडीतून नेले. दोन तासांच्या वाटेत ती म्हणत होती, की मला यातले काही कळत नाही, उगाच नेतोस. क्लॅरी म्हणत होता, की चौसष्ट वर्षांची झालीस, एकदा तरी बघ, नाहीतर लोक म्हणतील बूट शिवते पण पायावर विश्वास नाही. सीमारेषेजवळच्या कठड्यामागे त्यांना जागा मिळाली. उन्हाने बाके तापली होती. लाइलने टाकायला सुरुवात केली तेव्हा आजूबाजूची हजारो माणसे चेंडूकडे पाहत होती, फलंदाजाकडे पाहत होती. व्हर्ना डाव्या पायाकडे पाहत होती. पाऊल सपाट पडत होते. ती प्रत्येक वेळी ओठ मिटून घेई आणि पाऊल पडले की सोडी.

"बळी गेला गं," क्लॅरी म्हणाला. "बघितलंस का?"

"नाही. कुणाचा?"

चहापानाच्या वेळी खेळाडू परतू लागले तसा लाइल संघापासून वेगळा झाला आणि कठड्याकडे चालत आला. दोन बळी घेतले होते. लोक वह्या घेऊन पुढे सरसावले, कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने सर्वांकडे पाहून मान डोलावली, आणि त्यांच्या डोक्यांवरून म्हणाला, "मिसेस रॉडा, डावा लागतोय."

एका बाईने वही खाली केली.

"अरे, दोन गेले त्याचं बोल की," क्लॅरी म्हणाला. "वेळ कुठली, जागा कुठली."

"कुठे लागतोय?" व्हर्नाने विचारले.

"करंगळीच्या मागे. दहाव्या षटकापासून. आधी नव्हता."

"टोचतो की घासतो?"

लाइलने विचार केला. वीस मिनिटांचे चहापान चालू होते, आणि तो खरोखर विचार करत होता. "घासतो," तो म्हणाला. "मोजा ओला झाल्यावर."

"बस इथे. काढ तो."

तो कठड्याच्या पायरीवर बसला, पुढे वाकला आणि नाडी सोडू लागला. व्हर्नाने पिशवीत हात घालून खुणेचा खडू शोधला.